एकशे एकोणीस पराभव

मोठा पराभव झाला की आपण मराठी माणसं 'पानिपत झालं' असं म्हणतो. क्रिकेटचा संघ परदेशात सपाटून हरला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हा शब्द हटकून येतो. पण पानिपतची लढाई एका दिवसात संपली होती. आज मी ज्या पराभवाविषयी बोलणार आहे, तो सहा महिने चालला होता. आठवड्यातले पाच-सहा दिवस माणसं गणवेश चढवून मैदानात उतरत, बहुतेक वेळा हरत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरत.

ही गोष्ट अमेरिकेतल्या डेट्रॉईट टायगर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाची आहे. डेट्रॉईट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. वर्ष २००३.

बेसबॉल आपल्या फारसा ओळखीचा नाही, पण क्रिकेट कळणाऱ्याला तो अवघड जाऊ नये. एक जण चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात. समोरचा तो बॅटने टोलवतो आणि धाव काढायला पळतो. खरा फरक आहे वेळापत्रकाचा. अमेरिकेतल्या सर्वोच्च साखळीत प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. त्यामुळे उत्तम संघही साठ-सत्तर सामने हरतो आणि दुबळा संघही साठेक जिंकतोच. हरणं इथे कुणाला नवं नसतं.

तरीही टायगर्सचा तो हंगाम वेगळा ठरला. पहिले सलग ९ सामने ते हरले. व्यवस्थापक होते ॲलन ट्रॅमेल, याच संघाचे एके काळचे लाडके खेळाडू. संघ सांभाळण्याचं त्यांचं ते पहिलंच वर्ष. उन्हाळा सरला तसं लोकांचं लक्ष एकाच आकड्याकडे लागलं, तो म्हणजे १२०. न्यूयॉर्क मेट्स हा संघ १९६२ साली, आपल्या जन्मवर्षीच, १२० सामने हरला होता. विसाव्या शतकापासूनच्या बेसबॉलमधला तो नीचांक होता. टायगर्स तो मोडणार, असंच सगळे धरून चालले होते.

आता या खेळातली एक रीत सांगायला हवी, कारण या गोष्टीचं मर्म तिच्यातच आहे. क्रिकेटमध्ये संघ हरतो तेव्हा हार संघाची असते. बेसबॉलच्या नोंदवहीत मात्र प्रत्येक सामन्याची हार एका पिचरच्या नावावर मांडतात. फलंदाजांनी एकही धाव काढली नाही, क्षेत्ररक्षकांनी सोपे झेल सोडले, तरी नाव लागतं पिचरचं. संघात सुरुवात करणारे साधारण पाच पिचर असतात आणि पाळीपाळीने दर पाचव्या सामन्यात एकेकाचा नंबर येतो.

एका हंगामात एकाच पिचरच्या नावावर वीस पराभव लागणं ही फार मोठी नामुष्की समजतात. १९८० नंतर २३ वर्षं ती कुणाच्याही वाट्याला आली नव्हती. २००३ मध्ये टायगर्सचे दोन पिचर तिच्या उंबरठ्याशी पोहोचले. जेरेमी बॉन्डरमन हा अवघा वीस वर्षांचा मुलगा आणि माइक मॅरॉथ हा सव्वीस वर्षांचा डावखुरा.

बॉन्डरमनच्या नावावर १९ पराभव झाले तेव्हा व्यवस्थापनाने त्याला नेहमीच्या पाळीतून बाजूला घेतलं. कोवळ्या पोराच्या कपाळी तो शिक्का नको, हा विचार समजण्यासारखा होता. मॅरॉथची पाळी मात्र चालूच राहिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्या नावावर विसावी हार लागली, पुढे एकविसावीही लागली. त्यानंतर २०२५ च्या हंगामापर्यंत ही वेळ दुसऱ्या कुणावर आलेली नाही.

आता नोंदवहीचं तेच पान नीट वाचू या. त्या हंगामात मॅरॉथने ३३ सामन्यांची सुरुवात केली.  एवढंच नव्हे, तर संघात सर्वांत जास्त विजयही त्याच्याच नावावर होते, नऊ. अगदीच कुचकामी पिचर वीस सामने हरू शकत नाही, कारण दहा-बारा पराभवांनंतर त्याला घरी बसवतात. वीस वेळा हरायचं तर तीसेक वेळा चेंडू तुमच्या हाती सोपवावा, इतका भरवसा कुणाला तरी वाटावा लागतो. शिवाय आदल्या दिवशीचा निकाल ठाऊक असूनही तो चेंडू तुम्हाला हातात घ्यावा लागतो.

हंगामाचा शेवटचा शनिवार आला, २७ सप्टेंबर. तोवर ११९ पराभव झाले होते आणि दोन सामने उरले होते. एक जरी हरले तरी मेट्सशी बरोबरी होणार होती. समोर मिनेसोटा ट्विन्स. त्यांनी आपल्या गटाचं विजेतेपद आधीच खिशात घातलं होतं, त्यामुळे त्यांना या सामन्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तेवढ्याने टायगर्सचं काम सोपं झालं नाही. ट्विन्सनी ८-० अशी आघाडी घेतली. सगळं संपल्यात जमा होतं. तिथून टायगर्सनी एकेक धाव जोडत बरोबरी गाठली. शेवटी प्रतिस्पर्धी पिचरचा एक चेंडू भरकटला, तेवढ्यात विजयी धाव निघाली आणि सामना ९-८ असा टायगर्सच्या पदरात पडला.

रविवारी, अगदी शेवटच्या सामन्यात, चेंडू कुणाच्या हाती होता? मॅरॉथच्या. टायगर्स ९-४ असे जिंकले. हंगामाचा हिशेब ४३ विजय आणि ११९ पराभव असा मिटला. मेट्सचा नीचांक शाबूत राहिला. मॅरॉथच्या नवव्या विजयाची नोंद त्याच दिवसाची.

पुढे काय झालं? तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, हाच संघ ९५ सामने जिंकून अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला. वाटेत बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजना घरी पाठवणारा निर्णायक सामना जिंकून दिला तो बॉन्डरमनने. वीस पराभवांपासून ज्याला जपलं होतं, तोच हा मुलगा.

पण 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे सुभाषित इथे चिकटवण्याची घाई नको. संघ सावरला तो नव्या, महागड्या खेळाडूंमुळे आणि तिथल्या एका नियमामुळे. तळाच्या संघांना नवोदित खेळाडू निवडताना तेव्हा वरचा क्रम मिळायचा. २००४ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या निवडीत टायगर्सना जस्टिन व्हर्लँडरसारखा पिचर मिळाला, तो असाच. ट्रॅमेल यांना २००५ च्या हंगामानंतर पद सोडावं लागलं. मॅरॉथवर २००६ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि त्या अंतिम मालिकेत त्याला एकही चेंडू टाकता आला नाही. ज्यांनी पराभव सोसले, त्या सगळ्यांना विजयाच्या पंगतीत पान मिळालं नाही.

मेट्सचा नीचांकही अखेर मोडला. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. त्यांचा एकशे एकविसावा पराभव डेट्रॉईटच्याच मैदानावर झाला, टायगर्सकडून, २७ सप्टेंबरलाच. त्या ८-० च्या शनिवारला त्या दिवशी बरोबर २१ वर्षं पूर्ण झाली होती. त्याच विजयाने टायगर्सनी दहा वर्षांनी बाद फेरीत प्रवेश मिळवला. एका बाजूला जल्लोष चालला होता आणि दुसऱ्या बाजूला व्हाइट सॉक्सचे खेळाडू सामान आवरत होते. त्यांचे अजून दोन सामने उरले होते, आणि ते दोन्ही ते खेळले.

आपल्या आयुष्यातही असे हंगाम येतात. पाऊस दगा देतो, दुकान चालत नाही, परीक्षेचा निकाल मनासारखा लागत नाही. सगळ्यांच्याच वाट्याला २००६ साल येईल, असं मी म्हणणार नाही. पण आपली पाळी येते तेव्हा मला त्या वहीतलं मॅरॉथचं पान आठवतं. हारलेले सामने एकवीस आणि सुरुवात केलेले तेहेतीस. पहिला आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे. दुसरा मी आज तुम्हाला मुद्दाम सांगितला.