महाविद्यालय पाहावे कसे?



बारावीचा आणि प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, की अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर स्वागताचे फलक झळकू लागतात. ठरल्या दिवशी महाविद्यालय सर्वांसाठी खुले असते. त्याला आता सर्रास 'ओपन हाऊस' म्हणतात. मंडप, चहा, माहितीपुस्तिका, प्राचार्यांचे भाषण आणि इमारतीची एक फेरी असा त्याचा ठरीव क्रम असतो. तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने निघालेले वडील आणि मुलगी हा सोहळा पाहून संध्याकाळी परततात. पुस्तिका हाती असते. परंतु जे विचारायचे, ते बहुधा राहून गेलेले असते.

या भेटीचे महत्त्व प्रवेशाच्या पद्धतीतच आहे. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होणाऱ्या केंद्रीभूत प्रक्रियेत विद्यार्थ्याला महाविद्यालय आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरून द्यावा लागतो. तो निश्चित केला, की त्या फेरीपुरता बदलता येत नाही. आणि पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर पुढील फेऱ्यांचा मार्गही बंद होतो. चार वर्षांचे शिक्षण आणि पुष्कळदा घरावरचे कर्ज त्या क्रमावर अवलंबून असते. सबब भेट क्रम भरण्यापूर्वी व्हावी, आणि घरून कागदावर प्रश्न लिहून नेऊन व्हावी.

पहिली गोष्ट नावलौकिकाची. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चे, मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची, सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे. अशा संस्थांची परंपरा मोठी आहे, यात वाद नाही. तथापि विद्यार्थी प्रवेश घेतो तो एका शाखेत. राष्ट्रीय मानांकन मंडळाचे, म्हणजे 'एनबीए'चे, मानांकन संस्थेला सरसकट नसते. ते एकेका अभ्यासक्रमाला आणि ठराविक मुदतीसाठी असते. दर्शनी भागातील प्रमाणपत्र स्थापत्य शाखेचे आणि मुलगी निघाली संगणक शाखेला, असे होऊ शकते. त्यावरील शाखेचे नाव आणि मुदतीची तारीख वाचण्यास दोन मिनिटे पुरतात.

यंत्रशाळा आणि ग्रंथालय

मार्गदर्शक विद्यार्थी पाहुण्यांना सभागृहात आणि वातानुकूलित संगणक-कक्षात आवर्जून नेतात. यंत्रशाळेत नेण्याची विनंती मात्र पाहुण्यांनीच करावी. वापरातली लेथ ओळखण्यास अभियंता असावे लागत नाही. तिच्या तबकात लोखंडाचा किस पडलेला असतो, मुठी हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात, तेलाचा वास येतो. रंग ताजा आणि खाली धूळ असेल, तर तेथील प्रात्यक्षिके वहीतच होतात की काय, ही शंका रास्त ठरते. एका यंत्रावर एका वेळी किती विद्यार्थी काम करतात, हे तेथील सहायकाला विचारावे. तो बहुधा खरे सांगतो. ग्रंथालयात कपाटांची संख्या मोजण्यापेक्षा पुस्तकांची देवघेव कशी चालते आणि परीक्षेच्या काळात वाचनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे विचारावे.

अध्यापकांविषयीचा प्रश्न थोडा अवघड वाटतो. पण तो टाळू नये. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदवी अभियांत्रिकीसाठी वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक हे प्रमाण घातले आहे. संकेतस्थळावरील अध्यापकांची यादी आणि विभागाबाहेरील नावांच्या पाट्या ताडून पाहिल्या, तरी पुष्कळ उलगडा होतो.

नोकऱ्यांच्या आकड्यांबाबत अधिक सावध असावे. फलकावर सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक असतो. पण तो एकाच विद्यार्थ्याचा असू शकतो. त्या शाखेच्या अंतिम वर्षात किती विद्यार्थी होते, त्यांतील कितींना नेमणूकपत्र मिळाले, आणि पगारांच्या उतरत्या यादीत मधोमध असलेल्या विद्यार्थ्याचा पगार किती, हे तीन आकडे एकत्र मिळाल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. एकाच विद्यार्थ्याला दोन पत्रे मिळाली, तर ती दोन मोजली की एक, हेही विचारून घ्यावे.

शुल्क आणि वसतिगृह

खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. तोंडी सांगितलेली रक्कम आणि प्राधिकरणाने मान्य केलेली रक्कम यांचा मेळ घालून पाहावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत आहे. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू होते. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना लागू नाही. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च तिच्यात येत नाही, आणि घरचे गणित नेमके तेथेच चुकते.

मुलींचे वसतिगृह आईने स्वतः पाहावे. पाणी किती वेळ येते, अधीक्षिका रात्री तेथेच राहतात का, बसथांब्यापासूनच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे पुस्तिकेत नसते. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ पासून आहे. तक्रार कोणाकडे करावयाची, हे दुसऱ्या वर्षाच्या चार मुलींना चटकन सांगता आले, तर व्यवस्था जागी आहे असे समजावे. या मुलींशी बोलणे मार्गदर्शक सोबत नसताना व्हावे. खानावळीबाहेरचा कट्टा त्यास उत्तम जागा!

कोणी त्याच दिवशी जागा राखण्यासाठी रक्कम किंवा मूळ गुणपत्रिका मागू लागल्यास ती देऊ नये. मूळ प्रमाणपत्रे पडताळून विद्यार्थ्याला परत करावयाची असतात; ती अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मनाई केली आहे.

जमल्यास खुल्या दिवसानंतर, मंडप उतरल्यावर, एखाद्या साध्या कामाच्या दिवशी पुन्हा एक फेरी मारावी. दोन्ही भेटींच्या नोंदी एकाच वहीत असाव्यात, आणि पसंतीक्रम भरताना ती वही मुलीच्या हाती द्यावी.