स्वतःला ओळखा, मग वाट निवडा



दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी पहिला प्रश्न येतो, ‘किती टक्के पडले?’ टक्क्यांवरून शाखा ठरते आणि शाखेवरून पुढचे आयुष्य. परंतु गुणपत्रिकेवरून प्रवेश कुठे मिळेल एवढेच कळते. तिथे आपण रमू का, टिकू का, हे ज्याचे त्यानेच तपासायचे असते. यालाच स्वमूल्यमापन म्हणतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली व्यवसाय-निवडीची उपपत्ती मांडली. त्यांनी केलेले सहा गट असे : हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, माणसांना मदत करणारे, पुढाकार घेऊन दुसऱ्याला पटवणारे आणि नोंदी-हिशेब चोख ठेवणारे. बहुतेकांत दोन-तीन कलांचे मिश्रण असते. यांत उच्च-नीच कोणी नाही, हे ध्यानात ठेवा.

आपल्या राज्यातही २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. पण आवड म्हणजे क्षमता नव्हे. म्हणून वहीच्या एका पानावर चार रकाने पाडा : आवड, क्षमता, स्वभाव आणि परिस्थिती. प्रत्येक नोंदीपुढे पुरावा लिहा. ‘मला गणित आवडते’ एवढे पुरे नाही. ‘सुट्टीतही गणिते सोडवत बसतो’ हा पुरावा झाला. परिचारिका व्हायचे असेल तर रात्रपाळी आणि जखमा पाहण्याची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. त्या कामातल्या माणसाला भेटा. मग ते पान आपल्या शिक्षकांना दाखवा, कारण आपले गुण-दोष पुष्कळदा दुसऱ्यालाच आधी दिसतात.

चौथ्या रकान्याने खचू नका. घरी लवकर कमाईची गरज असेल, तर आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनची पदविका तीन वर्षांची. त्यानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. परिस्थितीमुळे वाट लांबेल, पण मुक्काम बदललाच पाहिजे असे नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी आपण किती वर्षे देणार आणि दुसरी वाट कोणती, हे आरंभीच लिहून ठेवावे. उमेदीची वर्षे परत मिळत नाहीत.

पालकांना एकच विनंती. शेजारच्या मुलाचे टक्के आपल्या मुलाला सांगू नका. त्याने लिहिलेले पान आधी वाचा, मग सल्ला द्या.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर हे चार रकाने भरा आणि दरवर्षी पुन्हा तपासा. माणूस वाढतो, तशी त्याची ओळखही वाढते.