बांबर्ड्याच्या राईतील रानजायफळ



सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुका गोव्याच्या सीमेला लागून आहे. तेथील बांबर्डे गावच्या देवराईत बारमाही पाणी वाहते आणि त्या पाणथळ भूमीत रानजायफळाचे वृक्ष उभे आहेत. वनस्पतिशास्त्रात ‘मिरिस्टिका मॅग्निफिका’ या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष सह्याद्रीखेरीज अन्यत्र आढळत नाही. संकटग्रस्त प्रजातींत त्याची गणना होते. सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन कुळांपैकी एका कुळाचा हा वंशज.

सदैव भिजलेल्या चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही. म्हणून या वृक्षाची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा आत शिरतात. श्वास घेण्याची ही त्याची रीत. असे जायफळी पाणथळ केरळ-कर्नाटकात आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातील निरंकाराच्या राईतही आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र भातशेती आणि पोफळीच्या बागांसाठी पाण्याचा निचरा केला गेला व वृक्ष नष्ट झाले. बांबर्ड्याचे पाणथळ २०१८ साली शास्त्रीय नियतकालिकात नोंदले गेले. सह्याद्रीतील तेव्हा ज्ञात असलेल्या पाणथळांमध्ये ते सर्वांत उत्तरेकडचे होते. तोवर ते राखले कोणी? राईतील काडीही देवाची, हे मानणाऱ्या ग्रामस्थांनी! ज्या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणून हिणवले गेले, तिचे मोल माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७६ सालीच विद्वत्सभेपुढे मांडले होते.

परंतु केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. कोकणात आज कित्येक गावी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राईतीलच वृक्ष विकले जातात. मंडपावर सिमेंटचा कळस चढतो आणि देवाचे वन उघडे पडते. ही भक्ती कोणत्या परंपरेची? पूर्वज देवाला कौल लावल्यावाचून वाळलेली फांदीही उचलत नसत.

२०२१ साली शासनाने बांबर्ड्याचे २.५९ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले, हे उत्तमच झाले. तथापि राईतले पाणी राईत जन्मत नाही, ते वरच्या डोंगरउतारावरून येते. तालुक्यात रबराची लागवड फोफावली आहे. उतार उजाड झाले आणि झरा आटला, तर कुऱ्हाड न लावताही हे वृक्ष मरतील. मग नव्याने लावावयाचे म्हटले तरी बी साठवून ठेवता येत नाही. सुकले की त्याची उगवणशक्ती जाते. पावसाळ्यात एक दिवस रोपे लावून छायाचित्र काढण्याचा उत्सव येथे निरुपयोगी आहे. बी ताजे असतानाच ओल्या मातीत पडले पाहिजे आणि ते दूर नेणारा धनेशही रानात राहिला पाहिजे.

तेव्हा देवराईची हद्द गडग्यापाशी संपते, असे गावांनी मानू नये. झऱ्याच्या उगमापर्यंतचा उतार देवाचाच धरावा, तसा ठराव ग्रामसभेत करावा आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत तो शासनाकडे पाठवावा. मानकऱ्यांनी पुढाकार घेतला तर गाव त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही.