आकाशाच्या परीक्षेला बसलेली मुले

परीक्षा म्हटली की चार भिंती, ओळीने मांडलेली बाके आणि पर्यवेक्षकाची करडी नजर असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु एक परीक्षा अशी आहे की, तिचा एक भाग खऱ्या अर्थाने छपराखाली घेताच येत नाही. रात्र पडली म्हणजे परीक्षार्थीला मोकळ्या मैदानात नेतात आणि विचारतात, ‘हा तारा कोणता? तो क्षितिजापासून किती अंशांवर आहे?’ शालेय विद्यार्थ्यांसाठी भरणारी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाड ही ती परीक्षा होय.

शाळकरी मुलांची पहिली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र स्पर्धा रशियात 1996 साली, कॉकेशस पर्वतातील एका वेधशाळेच्या सान्निध्यात झाली. पुढे काही देशांनी मिळून खगोलभौतिकीचाही समावेश असलेली निराळी ऑलिंपियाड सुरू केली, आणि तिचा पहिला मेळावा थायलंडमधील चिआंग माय येथे 2007 साली भरला. तेव्हापासून इंडोनेशिया, इराण, चीन, पोलंड, ब्राझील, ग्रीस, रुमानिया अशा अनेक देशांनी तिचे यजमानपद भूषविले. विद्यापीठाची पायरी न चढलेली, विशीच्या आतली पाच मुले हा एका देशाचा संघ.

परीक्षेची अंगे तीन. पहिले सिद्धान्ताचे, त्यात ग्रहांच्या कक्षा, ताऱ्यांचे तेज व तापमान, दीर्घिकांची गती यांवरील गणिते असतात. दुसरे अंग निरीक्षणांतून मिळालेल्या आकड्यांचे. आकड्यांची सारणी आणि आलेखाचा कागद मुलांपुढे ठेवतात, व त्यातून निष्कर्ष काढावयास सांगतात. हे काम किती मोलाचे आहे हे हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकन विदुषीच्या उदाहरणावरून कळते. लघु मॅगेलन मेघातील पंचवीस रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी तपासून तिने 1912 साली दाखवून दिले की, ज्या ताऱ्याचे तेज मंदावून पुन्हा वाढण्यास अधिक दिवस लागतात, तो तारा मूळचाच अधिक तेजस्वी असतो. मूळचे तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की अंतर काढता येते. दूरच्या दीर्घिकांपर्यंत पोहोचणारी मोजपट्टी मानवाला अशी सापडली, आणि ती सापडली छायाचित्रांच्या काचा चिकाटीने न्याहाळणाऱ्या दोन डोळ्यांमुळे.

तिसरे अंग प्रत्यक्ष वेधाचे, आणि खरी कसोटी येथेच लागते. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढविला की स्वाती येते, तसाच आणखी पुढे नेला की चित्रा येते, ही खूण पुस्तकात एका ओळीत आटोपते. पण ती नजरेत बसण्यास कित्येक रात्री जागाव्या लागतात. कोट्यवधी प्रकाशवर्षांचा हिशेब बिनचूक करणारा बुद्धिमान विद्यार्थी दुर्बिणीजवळ उभा राहिल्यावर गांगरून जावा, असा प्रसंग येथे संभवतो. त्यात सर्वस्वी त्याचाच दोष असतो असे नाही. मोठ्या शहरात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला मोजकेच तारे येतात; बाकीचे रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात बुडून जातात. त्याच्या आजोबांनी अंगणातल्या बाजेवर पडून जी आकाशगंगा फुकट पाहिली, तिच्यासाठी नातवाला गाडीभाडे खर्चून दूर जावे लागते.

स्थळ बदलले की आकाशही बदलते. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. मुंबईत ती सुमारे 19 अंश. ब्राझीलमधील व्हासोरास येथे 2024 साली जमलेल्या उत्तरेकडील मुलांना ध्रुव दिसणे शक्यच नव्हते. तेथे मृग नक्षत्र डोके खाली करून उगवते, आणि आपल्याकडे दक्षिणेस ठेंगणा दिसणारा अगस्ती चांगला उंच चढतो. ‘अढळ’ या शब्दालाही अक्षांशाची मर्यादा आहे, हा धडा अशा प्रवासात मिळतो.

या स्पर्धेच्या काही प्रथा मननीय आहेत. प्रश्नपत्रिका आधी संघनायकांपुढे येते; ते तिच्यावर चर्चा करतात आणि ती आपापल्या मुलांच्या भाषेत उतरवून देतात. परीक्षा संपेपर्यंत नायक आणि मुले यांची गाठ पडू देत नाहीत. सुवर्णपदकही एकालाच मिळते असे नाही; ठरलेली पातळी गाठणाऱ्या प्रत्येकाला ते मिळते. म्हणून शेजारच्याचे यश हे आपले अपयश ठरत नाही. जगावरील संकटांपासून मात्र ही स्पर्धा अलिप्त राहिली नाही. महासाथीमुळे 2020 चा मेळावा भरला नाही; 2022 चा युक्रेनमध्ये व्हावयाचा होता, तो युद्धामुळे जॉर्जियातील कुटाइसी येथे न्यावा लागला.

भारताने ही ऑलिंपियाड 2016 साली भुवनेश्वर येथे, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत भरविली. मुंबईस साठांहून अधिक देशांतील सुमारे तीनशे मुले आली होती. भारतीय संघ टप्प्याटप्प्याने निवडला जातो. देशभर प्राथमिक चाचणी होते, आणि अखेरचे शिबिर मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात भरते. हजारोंतून शेवटी उरतात पाच.

पण उरलेल्यांचे काय? त्यांचे श्रम वाया गेले काय? ऑगस्टातल्या मुंबईचे आकाश हेच त्याचे उत्तर आहे. ढग दाटून आले की कितीही मोठा विजेता असो, त्याला वाट पाहावी लागते. परीक्षकांनाही तारांगणाच्या कृत्रिम घुमटाचा आश्रय घेणे भाग पडते. मग आश्विनात मळभ सरते, आकाश धुऊन निघते, आणि जे पाच जण निवडले गेले त्यांच्यावर व जे हजारो मागे राहिले त्यांच्यावर तेच तारे उगवतात. ज्याला स्वाती एकदा ओळखता आली, त्याच्याकडून ती ओळख कोणतीही गुणपत्रिका काढून घेऊ शकत नाही. त्याला ती पुन्हा दिसेल इतका काळोख गावोगावी शिल्लक ठेवणे, ही मात्र वडीलधाऱ्यांची परीक्षा आहे.