घर रिकामे करण्याची नोटीस : द्यावी कशी, घ्यावी कशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी कोणी फराळाच्या पदार्थांवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही कोर्टाची पायरी चढून आलात, त्यावरच बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची पुस्तके मी वाचलेली नाहीत. वकिलांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजले आणि तीन वर्षे जे पाहिले तेवढेच सांगणार आहे. इथे मालकिणी आहेत तशा भाडेकरणीही आहेत. दोघी तर एकाच वाड्यातल्या आणि एकाच सतरंजीवर बसल्या आहेत. तेव्हा दोघींना ऐकवेल असेच मला बोलले पाहिजे.

नोटीस बहुधा पुरुषाच्या नावाने येते, पण येते ती दुपारी. पुरुषमाणसे कामावर असतात आणि पोस्टमनला दार आपण उघडतो. कायदा असा आहे की नोटीस लेखी हवी, देणाऱ्याची किंवा त्याच्या वतीने वकिलाची सही हवी. ती पोस्टाने पाठवावी, नाहीतर भाडेकरूच्या हाती द्यावी, नाहीतर राहत्या घरी त्याच्या घरच्या माणसाच्या वा नोकराच्या हाती द्यावी. ह्यातले काहीच जमण्याजोगे नसेल तर घरावर दिसेल अशा जागी चिकटवावी. हे १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे आणि अजून तेच चालते. म्हणजे आपण सही करून लखोटा घेतला की नोटीस पोचली. मोबाईलवर निरोप टाकला की झाली नोटीस, असे हल्ली काही मालक समजतात. त्या यादीत मोबाईल नाही. त्यावर विसंबून कोणी कोर्टात जाऊ नये.

आता पुष्कळजणी काय करतात? "हे घरी नाहीत, परत न्या" म्हणून दार लावून घेतात. पोस्टमन लखोट्यावर "घेण्यास नकार" असा शेरा मारतो आणि मालकाचे काम आयतेच होते. नाकारलेला लखोटा पोचला असेच कोर्ट धरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली तसे म्हटलेले आहे. मुदत चालू होते आणि आत काय लिहिले ते मात्र आपल्याला कळत नाही. म्हणून लखोटा घ्यावा, त्यावर आलेली तारीख लिहावी आणि कागदाबरोबर लखोटाही जपून ठेवावा. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिळवून टाकले, त्यामुळे पाकिटाचे रूप बदलले, पण पोचेची सही तीच.

आणि लखोटा हाती आला म्हणून बोचकी बांधायला घेऊ नयेत. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. "जागा सोडा" असे म्हणण्याचा हक्क मालकाला आहे. जागा सोडायला लावण्याचा हक्क कोर्टाला आहे, दुसऱ्या कोणालाही नाही. कुलूप बदलून किंवा सामान रस्त्यावर काढून जागा घेतली, तर घालवलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो.

आपल्याकडे जुन्या भाडेकरूंना १९४७ सालचा मुंबईचा भाडे कायदा लागू होता. त्याच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून तो चालू झाला. वाड्याच्या ओट्यावर बसून सल्ला देणारी वडील मंडळी अजून जुन्याच कायद्याचे बोलतात, तिथे घोटाळा होतो. जुन्या कायद्यात थकलेल्या भाड्याची नोटीस दिल्यावर एक महिना थांबावे लागे. नव्या कायद्यात नव्वद दिवस थांबावे लागते, आणि ते नोटीस पोचल्या दिवसापासून मोजायचे, लिहिल्या तारखेपासून नव्हे. त्यापूर्वी मालकाला थकबाकीसाठी दावाच लावता येत नाही. त्या नव्वद दिवसांत भाडे व कायद्याने चढणारा कर भरून टाकला की तंटा मिटला. नाही भरला आणि दावा लागला, तरी समन्स मिळाल्यापासून आणखी नव्वद दिवस असतात. तेव्हा मात्र थकलेली सगळी रक्कम, तिच्यावर शेकडा पंधरा टक्के वार्षिक सरळ व्याज आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च भरावा लागतो. शिवाय निकाल लागेपर्यंत दर महिन्याचे भाडे वेळेवर भरत राहावे लागते. दोन हजार थकले असतील तर वर्षाचे व्याज तीनशे होते. तीनशे रुपयांसाठी कोणाचे घर जात नाही. तारीख चुकल्याने जाते.

मालकिणींनी अशा नोटिशीत कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, दरमहा किती आणि एकूण किती हे स्वच्छ लिहावे. रागाच्या भरात आकडा फुगवू नये. भाडे घेतले की पावती द्यावी, ती देणे कायद्याने बांधलेले आहे. आणि मालक भाडे घेत नसेल तर भाडेकरणीने "तेच घेत नाहीत" म्हणून स्वस्थ बसू नये. पूर्वी लोक मनीऑर्डर करीत आणि परत आलेली पावती जपत. आता चेकने किंवा बँकेतून पाठवावे, पण पाठवल्याचा कागद हाती असावा.

थकबाकीखेरीज आणखीही कारणे कायद्यात आहेत. घराची नासधूस करणे, मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, दुसऱ्याला पोटभाड्याने ठेवणे, योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा न वापरणे. परगावी मुलाकडे जाऊन राहणाऱ्या आणि इथली खोली कुलपात ठेवणाऱ्या बायकांनी हे शेवटचे कारण ध्यानात ठेवावे. पक्क्या बांधकामाचे म्हणाल तर स्वयंपाकाचा उभा ओटा, लाकडी पडदी, हवेसाठी खिडकी, धुराडे ही पक्के बांधकाम धरत नाहीत असे कायद्यातच लिहिले आहे. नगरपालिकेची परवानगी लागत असेल तेवढी काढावी. कायदा लिहिणाऱ्यांना ओट्याची आठवण झाली ह्याचे मला नवल वाटले.

आता आमच्या घरचे सांगते. आमच्या वाड्यात माडीवर दोन खोल्यांत एक वृद्ध जोडपे सासऱ्यांच्या वेळेपासून भाड्याने राहत होते. २०१९ साली आमच्या वन्सं विधवा होऊन दोन मुलांना घेऊन माहेरी आल्या. खाली आम्ही सहाजण, त्यात ती तिघे. मालकाला स्वतःसाठी, घरच्या माणसांसाठी खरोखर गरज असेल तर जागा मागता येते, हेही कायद्यातले कारण आहे. घर सासूबाईंच्या नावावर आणि वन्सं त्यांची लेक.

भाऊजींचे म्हणणे होते की कोर्टात कोण जातो, वरचा नळ बंद करा, जिन्यातला दिवा काढा, महिन्यात जातील. मी म्हटले, सत्तरी उलटलेली माणसे अंधारात जिना उतरणार आणि मी खाली पोळ्या लाटत बसू काय? मग वकिलांनीच सांगितले की पाणी, वीज, जिना, संडास, येण्याजाण्याची वाट ह्यांतले काही तोडले तर भाडेकरू कोर्टातून ते पुन्हा चालू करून घेतो, आणि मालकाला दंड वा कैदही होऊ शकते. तेव्हा भाऊजी गप्प झाले.

वकिलांनी नोटिशीचा मसुदा केला. वास्तविक अशा गरजेच्या दाव्याला आधी नोटीस द्यावीच लागते असे नाही. जिथे राज्याचा भाडे कायदा लागू आहे तिथे त्या कायद्यातील कारणाने दावा करताना भाडेपट्टा संपवल्याची वेगळी नोटीस लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचा १९७९ चा निकाल आहे. थकबाकीची नोटीस मात्र चुकवता येत नाही. तरी वकील म्हणाले की द्यावी, म्हणजे त्यांचे म्हणणेही लेखी कळते. मला ते पटले. माणसाला एकदम समन्स दाखवणे बरे नव्हे.

मसुदा मी मोठ्याने वाचून घेतला. त्यात गरजेच्या जोडीला घराची खराबी केली, शेजाऱ्यांना त्रास दिला, भाडे थकवले, असे सगळेच घातले होते. म्हणे, सगळी कारणे घालण्याची पद्धत आहे. सासूबाई म्हणाल्या, "ह्या बाईने माझ्या बाळंतपणात मला न्हाऊ घातले. तिने त्रास दिला ह्यावर मी सही करणार नाही." ती वाक्ये खोडली. नंतर आमच्याच वकिलांनी कबूल केले की ते बरे झाले. एक खोटे उलटतपासणीत उघडे पडले की खरी गरजही खोटी वाटू लागते.

नोटीस टाकण्याच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेले नि आजींना म्हटले, "एक-दोन दिवसांत पोस्टाने कागद येईल. परत पाठवू नका, घ्या, आणि तुमच्या वकिलाला दाखवा." भाऊजींना हे कळले तेव्हा ते माझ्यावर फार चिडले, शत्रूला सावध केलेस म्हणाले. आजी एवढेच बोलल्या, "तू सांगतेस म्हणून घेईन. पण आता खाली चहाला येणार नाही." आणि आल्याही नाहीत. हळदीकुंकवालाही नाही. नळावर भेटत, कळशी भरून वर जात.

त्यांचे उत्तर आले, मग लघुवाद न्यायालयात दावा लागला. मध्ये २०२० च्या साथीत सगळेच थांबले. ह्या कारणाच्या दाव्यात मालकाची गरज खरी ठरली तरी तेवढ्याने भागत नाही. हुकूम दिला तर भाडेकरूचे हाल जास्त, की न दिला तर मालकाचे जास्त, हे कोर्ट तोलते. दुसरी जागा मिळण्याजोगी आहे का, पैसा कोणाकडे आहे, वय काय, सगळे विचारतात. आणि अर्धी जागा देऊन दोघांचे भागत असेल तर तेवढाच हुकूम करता येतो. शिवाय गरज सांगून जागा घेतली आणि महिन्याच्या आत तिथे राहायला गेले नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू ती कोर्टातून परत मागू शकतो. जास्त भाड्याच्या आशेने गरजेचे सोंग आणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

आमचे २०२२ साली तडजोडीने मिटले. आतली खोली वन्संना, बाहेरची खोली व सज्जा त्यांच्याकडे. भाडे अर्धे केले. बाहेरच्या खोलीत ओटा नव्हता, तो आमच्या लेखी संमतीने घालून दिला. पुढल्या वर्षी आजोबा गेले. तेव्हा कोणीतरी भाऊजींच्या कानात घातले की भाडेकरू गेला, आता खोली आपलीच. तसे नसते. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारे घरचे माणूस भाडेकरू होते. पावती आता आजींच्या नावाने फाडतो. त्या चहाला येतात असे मी म्हणणार नाही, पण वन्संच्या मुलीचा अभ्यास त्या घेतात.

नवऱ्याने टाकलेल्या बायकांचाही प्रश्न मला इथे एकीने विचारला. भाड्याचे घर नवऱ्याच्या नावावर, तो निघून गेला, तो दाव्यात उभाच राहत नाही. मग बायकोने काय करावे? बेंगळुरूच्या एका खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्या घरात राहणारी टाकलेली पत्नी दाव्यात उभी राहून नवऱ्याला करता आला असता तो बचाव करू शकते. घटस्फोट होऊन गेल्यावर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा अशी नोटीस आली तर "माझे नाव नाही" म्हणून बाजूला सारू नये.

अकरा महिन्यांच्या करारावर विद्यार्थी ठेवणाऱ्यांचे थोडक्यात सांगते. तो भाडेकरार नव्हे, परवाना आहे. मुदत संपून तो निघाला नाही तर दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतात, आणि जास्त राहिल्या काळाचे दुप्पट पैसे मागता येतात. समन्स आल्यावर राहणाऱ्याला तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर बाजू ऐकूनच घेत नाहीत. परंतु हे सगळे करार लेखी आणि नोंदवलेला असेल तर. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर राहणारा ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, त्या खोट्या आहेत हे मालकाने सिद्ध करायचे. "ओळखीचा मुलगा आहे, कागद कशाला" असे म्हणणाऱ्या दोघी-तिघी समोरच बसल्या आहेत, त्यांची नावे घेत नाही.

महापालिकेची नोटीस ही ह्याहून अगदी निराळी. पावसाळ्यापूर्वी मोडकळीस आलेल्या वाड्यांवर ती चिकटवतात. तिथे नव्वद दिवसांची वाट पाहू नये. भिंत कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. त्याच दिवशी वकिलाकडे जावे आणि जागेवरचा आपला हक्क लेखी नोंदवून ठेवावा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उरतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे अर्ज करावा. जाताना नोटीस, तिचा लखोटा, भाड्याच्या पावत्या, शिधापत्रिका आणि विजेचे बिल बरोबर न्यावे. कोणाला सोबत हवी असेल तर मी येईन. दुपारी तीननंतर मला सवड असते.