फौजदारी न्यायाचे शिक्षण आणि आपली मुले
(सोसायटीच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतील साधे कारकून, कला शाखेचे पदवीधर. कायद्यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण गेल्या वर्षीच्या एका प्रसंगाने आम्हाला बोलते केले आहे.

गावाकडचे आमचे एक नातेवाईक सार्वजनिक नळावर पाणी भरायला गेले असता त्यांना जातीवरून शिवीगाळ झाली. पंधरा-वीस माणसे पाहत होती. फिर्याद नोंदली गेली. तिची नक्कल घेऊन ते आमच्याकडे आले. आम्ही ती दोनदा वाचली. नाव, तारीख, सही, शिक्का, सगळे बरोबर. चेकवरचा एक अंक चुकला तरी आम्ही तो परत करतो; पण इथे आम्हाला काहीच खटकले नाही!

शेजारची एक मुलगी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने कागद वाचला आणि विचारले, "काका, यात नळ कुठे आहे? आणि माणसे?" फिर्यादीत "घराजवळ वाद होऊन शिवीगाळ केली" एवढेच होते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जातिवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोर झालेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला ते कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. म्हणजे नळ आणि माणसे गळाली की खटल्याचा पायाच डळमळला. तिच्या सांगण्यावरून तपास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांकडे, पुरवणी जबाब दिला, साक्षीदारांची नावे दिली. निकाल अजून लागायचा आहे.

"वकिली म्हणजे खोटे बोलण्याचा धंदा," असे आपल्या घरांतून आजही ऐकू येते. ज्यांचे बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, त्यांनी तरी असे म्हणू नये.

विधी अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते. राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी न्यायवैद्यक विज्ञानाची बी.एस्सी. आहे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासनाच्या संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे तीत आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. ही माणसे कुठून तरी यावी लागतील.

पाच वर्षे लांब वाटतात. घरी पगाराची वाट पाहणारे असतात, हे आम्ही स्वतः भोगले आहे. म्हणूनच आम्ही बँकेत गेलो. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र वेळेत भरा. मुदत टळलेले अर्ज घेऊन रडवेली झालेली मुले आम्ही काउंटरवर पाहिली आहेत.

ती मुलगी मागच्या रांगेत बसली आहे. तिने प्रवेश परीक्षेची आपली पुस्तके आमच्याकडे ठेवली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी कार्यक्रमानंतर घेऊन जावीत. जयभीम.