एका पंक्तीतील चढाओढ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की आम्ही मजुरी, बोनस आणि पाळी यांवर बोलू. आमचा जन्म त्यातच गेला. आठवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी भिवंडीत साच्यावर उभे राहिलो, आणि पुढे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर, मागून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा आज आम्ही भूदल, नौदल आणि विमानदल यांवर बोलणार हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. आम्ही बंदूक कधी हाती धरलेली नाही, हे आधीच कबूल करतो.

विषय निवडण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा थोरला मुलगा पायदळात शिपाई आहे. धाकटी मुलगी नौदलाच्या परीक्षेला बसणार म्हणते. थोरला सुट्टीवर आला की जेवताना दोघांची जुंपते. तो म्हणतो, "लढाई पायानं जिंकतात." ती म्हणते, "दादा, तुझी रसद समुद्रातून येते." बाप बिचारा दोघांच्या मध्ये. एके दिवशी तो आम्हांला म्हणाला, "भाऊ, तुम्ही संपात मालक-मजुरांत तडजोडी घडवता, आमच्या घरचं हे भांडण मिटवा." त्याला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान हेच ते उत्तर.

प्रथम एक गोष्ट आपल्या मातीची. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि पुढच्या एकदोन वर्षांत याच खाडीच्या आश्रयाने शिवाजीमहाराजांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली जाऊ लागली. घोड्यावर बसून डोंगर तुडविणाऱ्या माणसाने जहाजाचा विचार केला. आणि तोही घोडदळ कमी करून नव्हे, तर त्याच्या जोडीला. आज नौदलाचे मुंबईतील एक किनारी केंद्र 'आंग्रे' या नावाने चालते, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाने जे नवे निशाण घेतले त्यावरील अष्टकोन महाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे. तेव्हा "पायदळ थोर की आरमार" हा वाद ज्या खाडीकाठी आपण घालतो, तिथे त्याचा निकाल साडेतीनशे वर्षांपूर्वीच लागलेला आहे. दोन्ही लागतात.

तरी वाद चालतोच, आणि तो चालण्यात गोडीही आहे. सलामाचेच पाहा. भूदलाचा शिपाई तळहात समोर उघडा ठेवून सलाम करतो. नौदलाचा खलाशी तळहात खाली, जमिनीकडे वळवितो. विमानदलाने २००६ साली या दोहोंच्या मधला तिरपा हात पत्करला. खलाशाविषयी अशी आख्यायिका सांगतात की जुन्या काळी दोरखंड आणि डांबर हाताळून त्याचे हात काळे होत, ते साहेबाला दिसू नयेत म्हणून त्याने तळहात लपविला. पायदळवाले ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगतात. त्यावर नौदलवाल्याचे उत्तर 'कॅप्टन' या शब्दात आहे. भूदलातला कॅप्टन हा तरुण अधिकारी. नौदलातला कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. नुसते "कॅप्टनसाहेब आले" एवढा निरोप आला, तर खुर्ची कोणती मांडावी हे कळत नाही! आणि लोणावळ्यास घाटमाथ्यावर नौदलाचे यंत्रविद्येचे शिक्षणकेंद्र आहे, त्याचे नाव 'आयएनएस शिवाजी'. आयएनएस म्हणजे भारतीय नौदलाचे जहाज. समुद्रापासून कोसन् कोस दूर, डोंगरावर उभे असलेले हे 'जहाज' पाहून भूदलवाल्याने थट्टा करू नये तर काय करावे?

ही थट्टा विषारी का होत नाही, याचा शोध घेतला तर आपण पुण्याजवळ खडकवासल्यास पोहोचतो. स्वातंत्र्यानंतर ठरले की भूदल, नौदल आणि विमानदल यांचे भावी अधिकारी सुरुवातीला एकत्रच शिकावेत. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला ही शाखा सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याची कोनशिला बसली, आणि जानेवारी १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तेथे रीतसर चालू झाली. तिच्या मुख्य इमारतीस 'सुदान ब्लॉक' म्हणतात, कारण दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेली देणगी तीत आहे.

आमच्यासारख्या संघटकाला तिथली एक युक्ती फार मोलाची वाटते. तिथे मुलांच्या तुकड्या पाडतात, त्यांना स्क्वॉड्रन म्हणतात. पण भूदलाची एक तुकडी आणि नौदलाची दुसरी अशा त्या नसतात. प्रत्येक स्क्वॉड्रनमध्ये तिन्ही दलांची मुले मिसळलेली असतात. चढाओढ असते आणि ती कडक असते: धावण्यात, मुष्टियुद्धात, कवायतीत. पण ती स्क्वॉड्रनशी स्क्वॉड्रनची. उद्या जो विमान उडविणार आणि जो खंदकात बसणार, ते दोघे तीन वर्षे एकाच बाजूने ओरडतात आणि एकाच पंक्तीत जेवतात. त्यानंतर भूदलाची मुले डेहराडूनला, नौदलाची केरळात एळिमलास आणि विमानदलाची हैदराबादजवळ दुंडीगलला जातात. वाटा फुटतात, पण आधी पंगत झालेली असते.

याचे फळ कसे येते? २०१९ साल संपताना पुण्याचे जनरल मनोज नरवणे भूदलप्रमुख झाले, तेव्हा नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल करमबीर सिंग आणि विमानदलप्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया हे दोघे प्रबोधिनीतील त्यांच्याच छप्पन्नाव्या तुकडीचे होते. आणखी मौज म्हणजे तिघांचेही वडील विमानदलात होते. म्हणजे तिघांतल्या दोघांनी बापाची वाट सोडली होती! दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २०२० रोजी, तिन्ही दलांचा मेळ घालण्यासाठी संरक्षण दलप्रमुख हे नवे पद कामास लागले आणि जनरल बिपीन रावत त्यावर आले. मेळ नुसता मैत्रीवर सोडून चालत नाही, त्याला रचनाही लागते, हे त्यातून मान्य झाले.

चढाओढ रणांगणावर कशी दिसते, ते पाहण्यासाठी गोव्याकडे वळू. १८ डिसेंबर १९६१ रोजी तिन्ही दले एकाच दिवशी गोव्याच्या मोहिमेत उतरली. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी निकामी केली, सांबऱ्याहून गेलेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. नौदलाने पोर्तुगीजांची 'अफोंसो द अल्बुकर्क' ही युद्धनौका गाठली आणि अंजदीव बेटावर सैनिक उतरविले. तिथे सात नौसैनिक कामी आले. जमिनीवर मुख्य काम पूर्वेकडून येणाऱ्या सतराव्या डिव्हिजनचे होते. उत्तरेकडून दोडामार्गच्या बाजूने निघालेल्या पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडकडे दुय्यम काम होते. पण हीच ब्रिगेड इतक्या वेगाने निघाली की तिची एक फळी त्याच संध्याकाळी बेतीमला मांडवीच्या काठी पोहोचली आणि सकाळी पणजीत शिरली. तिच्यात आपली दुसरी पॅरा (मराठा) पलटणही होती. दुय्यम काम मिळाले म्हणून कोणी रुसून बसले नाही, आणि पुढे गेलेल्याने मागच्याचा रस्ता अडविला नाही. १९ तारखेच्या संध्याकाळी पोर्तुगीज शरण आले. ही निकोप चढाओढ.

आता दुसरी बाजू सांगतो, आणि ती आमच्या स्वतःच्या आयुष्यातली आहे. तरुणपणी आम्ही ज्या कारखान्यात होतो (नावाचे कारण नाही) तिथे मालकाने दारात एक पाटी लावली. दिवसपाळीचे मीटर किती, रातपाळीचे किती. जिंकणाऱ्या पाळीला महिनाअखेर मिठाईचा पुडा. आम्हीही त्या पाटीपुढे उभे राहून आपल्या पाळीसाठी टाळ्या वाजविल्या. पहिला महिना मौजेत गेला. दुसऱ्या महिन्यात रातपाळी साचा न पुसता, तेल न देता सोडू लागली. दिवसपाळी तुटलेले ताणे तसेच ठेवून निघू लागली. साचा नीट ठेवला तर फायदा शत्रूचा, असे आम्हांला वाटू लागले. तिसऱ्या महिन्यात एका झिजलेल्या साच्यावरून धोटा उडाला आणि रातपाळीच्या एका पोराचा डोळा गेला. तो झिजलेला भाग आमच्या पाळीला आदल्या दिवशी दिसला होता. कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही. मीटरमागचा दर त्या तीन महिन्यांत एका पैशाने वाढला नव्हता. त्या पोराला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्याने आम्हांला ओळखले आणि विचारले, "भाऊ, या महिन्यात कोण जिंकलं?" त्या प्रश्नानंतर आम्ही युनियनमध्ये गेलो.

तेव्हापासून कुठलीही चढाओढ पाहिली की आम्ही दोन गोष्टी तपासतो. ती मानाची आहे की भाकरीची? आणि दोन्ही बाजूंचे ताट सारखे आहे का?

ताट सारखे नसले म्हणजे काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदलाच्या केंद्रात खलाशांनी निकृष्ट अन्न आणि साहेबाच्या शिव्या यांविरुद्ध काम थांबविले. गोऱ्या खलाशाच्या बरोबरीचे वेतन ही त्यांची एक मागणी होती. बघता बघता सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले. मुंबईतील विमानदलाच्या जवानांनी त्यांना सहानुभूती म्हणून काम थांबविले, आणि २२ तारखेला गिरण्यांचे भोंगे ओस पडले. गोळीबारात दोनशेंहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला खलाशांनी हत्यार खाली ठेवले. आरमार मोठे की विमानदल, हा प्रश्न त्या पाच दिवसांत कोणाला सुचला नाही.

आज सैनिकाला युनियन करता येत नाही. घटनेच्या तेहतिसाव्या कलमाने संसदेला तसे निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे, आणि शिस्तीसाठी ते समजण्याजोगे आहे. पण मग त्याच्या वतीने प्रश्न विचारण्याचे काम आपणा नागरिकांवर येते. २०२२ साली सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली: चार वर्षांची सेवा, आणि त्यानंतर शंभरांतील पंचवीसपर्यंत कायम. सैन्य तरुण राहावे हा तिचा हेतू सांगितला गेला, आणि त्या हेतूशी आमचे भांडण नाही. पण आमच्या अनुभवातून आलेली शंका आम्ही लपविणार नाही. एका खंदकात चार पोरे बसली आहेत आणि त्यांतले एकच ठेवून घेणार, हे चौघांनाही ठाऊक आहे. ती चढाओढ मानाची राहील की भाकरीची होईल? झिजलेला साचा दिसल्यावर कोण कोणाला सांगेल? पोरे भली असतात. आम्हीही वाईट नव्हतो.

म्हणून त्या सहकाऱ्याला आमचे सांगणे असे. बाबा, जेवतानाचे भांडण मिटवू नकोस, ते चालू दे. २०२२ साली खडकवासल्याने मुलींना दार उघडले, आणि ३० मे २०२५ रोजी तिथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तेव्हा तुझ्या लेकीला हिणवण्याचा हक्क थोरल्याला नाही, थट्टेचा जरूर आहे. कोणते दल थोर हे पोरांनी भांडून ठरवावे. पाण्याची ओढ असेल तिने समुद्रावर जावे, मातीची असेल त्याने पलटणीत. पण किती वर्षांची नोकरी, नंतर काय, जखमी झाल्यास घरी काय येते, हे प्रश्न कागद पुढे ठेवून तू विचार. ते तुझे काम आहे, आणि तुझ्या एकट्याचे नाही. ते या मांडवात बसलेल्या सर्वांचे आहे.

 शेवटच्या गाडीला अजून वेळ आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर आम्ही थांबतो.